रवांडाभाव

"इथला कॉन्फ्लिक्ट नेमका कोणता?"

आमच्या पडवीत पाय ठेवल्यावर त्या गृहस्थांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मे महिना, सकाळचे साडेअकरा. कुडाळ स्टेशनापासून रिक्षाने आलेला माणूस आधी पाणी मागतो, मग पंखा कुठे आहे ते बघतो, मग आंब्याचा दर विचारतो. यांनी पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती. अंगात चौदा खिशांचं जाकीट (मी मोजले, ते बोलत असताना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं), डोक्यावर मानेपर्यंत पडदा सोडलेली टोपी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गटाच्या नऊ बायका भिंतीला टेकून रतांबे फोडत बसल्या होत्या. रतांब्याच्या दिवसांत त्यांचे हात मनगटाच्या वरपर्यंत लालभडक असतात. गृहस्थांनी ते हात पाहिले, त्यांचे डोळे चमकले आणि बोलण्याआधी त्यांनी चार फोटो काढले. मग म्हणाले, "आमचं काम पोस्ट-कॉन्फ्लिक्ट भागातलं. पोस्ट-कॉन्फ्लिक्ट महिला उद्योजक."

"पोस्ट वरच्या वाडीत आसा," थोरली काकी मान न उचलता म्हणाली. "आणि ता दुसरा काय?"

"भांडण," मी म्हटलं.

"ता हयसरच आसा."

थोरली काकी खोटं बोलत नव्हती. ती आणि तिची धाकटी जाऊ एकाच गटात आहेत, एकाच परातीतले रतांबे फोडतात आणि दोघींच्या घरांमधल्या गडग्यावरून मालवणच्या कोर्टात तेव्हा सतरा वर्षं दावा चालू होता. हातभर रुंदीची जागा आणि त्या जागेत उगवलेला एक फणस. दावा सुरू झाला तेव्हा फणस रोप होता. आता त्याचे फणस खाली पडून सडतात, कारण वकिलांनी दोन्ही पक्षांना हात लावू नका म्हणून सांगितलंय. दोघी तेव्हा एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायची वेळ आलीच तर तिसरीच्या तोंडून: "तिका सांग गो, मिरची करपता." जिला सांगायचं ती दीड हातावर बसलेली असे.

गृहस्थांची माहिती हळूहळू मिळाली. जन्म पार्ल्याचा. एकतीस वर्षं न्यू जर्सीत, साबणाच्या कंपनीत मार्केटिंग. निवृत्त झाल्यावर एका स्वयंसेवी संस्थेतर्फे सहा आठवडे रवांडात किगालीला जाऊन आले. आजोळ आचऱ्याकडचं, त्यामुळे दुसरी मोहीम मालवणात. सहा आठवडे हा आकडा महत्त्वाचा. एकतीस वर्षांच्या साबणाबद्दल ते एकतीस वाक्यंही बोलले नसतील, पण सहा आठवड्यांचा रवांडा संपता संपेना. गटाची बैठक बुधवारी नको, त्या दिवशी मालवणात लग्न आहे, असं म्हटलं की, "रवांडात आम्ही..." आगळ मुरायला वेळ लागतो म्हटलं की, "रवांडात आम्ही..." डास चावला तरी रवांडातला डास निघे. तिसऱ्या दिवशी आमची ही चहाचा कप घेऊन पडवीत गेली आणि म्हणाली, "रवांडाभाव, च्या घेवा." मालवणीत भाव म्हणजे भाऊ. नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनाही ते आवडलं. आदराची पदवी आहे असा त्यांचा समज झाला, आणि आम्ही तो मोडला नाही.

या जातीच्या माणसाला मी निवृत्तीनंतर पुष्कळदा पाहिलंय. शाळा सुटल्यापासून मी गटाचा बिनपगारी कारकून आहे, त्यामुळे जो येतो तो आधी माझ्या पडवीत येतो. याची पहिली खूण, तो "मी" म्हणत नाही, "आम्ही" म्हणतो. दुसरी खूण, जे तुमच्याकडे आधीपासून आहे तेच तो तुम्हाला नव्याने देतो. रवांडाभावांनी पहिल्या दिवशी खडू घेऊन बायकांना बचत गट म्हणजे काय ते शिकवलं. दहाजणींनी एकत्र यायचं, दरमहा थोडे पैसे टाकायचे, आपसात कर्ज द्यायचं. बायकांनी ऐकून घेतलं. पाहुणा बोलतोय तर बोलू द्यावं, अशी आमच्याकडे रीत आहे. नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला १९९२ साली पाचशे गटांपासून सुरुवात केली, आणि महाराष्ट्राचं महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ चं. आमच्या गटाचं पासबुक तीनदा भरून चौथं चालू आहे. रवांडाभावांनी फळ्यावर वर्तुळ काढून "सर्कल ऑफ ट्रस्ट" असं लिहिलं, तेव्हा खजिनदार असलेली धाकटी काकी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "गुरुजी, ह्येंका कर्ज व्हया काय?"

पुढचा धडा नावाचा. आगळाच्या बाटलीवर आणि मसाल्याच्या पुडीवर नाव हवं, ब्रँड हवा. त्यांनी स्वतःच शोधून आणलं होतं: "रेझिलियन्स". मला भाषांतर करायला सांगितलं. मी शब्दकोश डोक्यात फिरवून म्हटलं, "चिवटपणा."

"चिवट आगळ कोण पितलो?" थोरलीने विचारलं, आणि ब्रँड त्या जागी संपला. बाटलीवर आजही "कोकम आगळ" एवढंच आहे. मीठ किती, पाणी किती घालायचं ते खाली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे एका ओळीत लिहा असं मी सुचवलं होतं; पण त्यांना त्यात "स्टोरी" दिसेना. स्टोरी म्हणजे दुःख. बायकांनी काहीतरी सोसलेलं असावं, आणि ते बाटलीच्या मागच्या बाजूला मावावं, असा त्यांचा आग्रह.

दुःखाचा शोध त्यांनी मनापासून घेतला. किनाऱ्यावर जाऊन पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाल्यांची भांडणं ऐकून आले; सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले तरी ती मिटलेली नाहीत, हे कळल्यावर निराश झाले. त्यांना मिटलेलं भांडण हवं होतं. पोस्ट. आमच्याकडे कुठलंच भांडण पोस्टपर्यंत जात नाही, ते रजिस्ट्रीतच अडकतं.

मग आला फोटोंचा दिवस. अहवालाला दोन फोटो लागतात: मदतीआधीचा आणि मदतीनंतरचा. रवांडाभाव परतायला अजून महिना होता, पण उजेड चांगला होता म्हणून दोन्ही एकाच दिवशी उरकायचं ठरलं. फोटो आहे कळल्यावर सकाळी नऊही बायका लग्नातल्या साड्या नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर माळून हजर. "हा आधीचा फोटो आहे, जरा साध्या कपड्यांत..." ते म्हणू लागले. "फोटोत साधी कोण बसता?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. हसू नका म्हटलं, तर धाकटी जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. दुपारी मसाला भाजायचा होता. चार वाजता दुसरा फोटो. तोवर साड्या घरी गेल्या होत्या, अबोली कोमेजली होती, मिरचीच्या खाटाने डोळे लाल, नाकं गळतायत, कपाळाला काजळी. न्यू जर्सीतल्या कार्यालयात ते दोन फोटो शेजारी शेजारी लावले असतील, तर रवांडाभावांच्या मदतीने काय झालं ते कोणालाही दिसेल.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. मसाल्याच्या बाबतीत हा माणूस बरोबर होता, आणि आम्ही सगळे, अर्जलेखक गुरुजींसकट, इतकी वर्षं चुकत होतो.

त्याने विचारलं, "किलोला किती उरतं?" धाकटीने बोटांवर हिशेब सांगितला. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, धणे, लवंग, मिरी, दगडफूल, नागकेशर, डंकावरची कांडणावळ. सगळं जाऊन सातशे रुपये किलोच्या मसाल्यात नव्वद रुपये उरतात. "वीस किलोचे अठराशे. बरा आसा."

"आणि मजुरी?"

"कोणाची मजुरी?"

त्याने घड्याळ लावलं. अक्षरशः. चौदापैकी एका खिशातून स्टॉपवॉच निघालं. मिरच्या वाळवणं, देठं काढणं, निवडणं, भाजणं, डंकावर नेणं, चाळणं: चार बायकांचे तीन दिवस. बारा दिवसांचे अठराशे, म्हणजे दिवसाला दीडशे. रोजगार हमीवर माती उचलली तरी याच्या दुप्पट मिळतात. जळाऊ लाकडं घरची म्हणून धरलीच नव्हती, नारळ परड्यातला म्हणून धरला नव्हता.

"माझ्या हाताक कोण पगार देतलो? माझो घोव?" थोरली म्हणाली. ती विनोद करत होती, पण पडवीत कोणी हसलं नाही.

रवांडाभावांनी वहीला एक रकाना वाढवून दिला. वर लिहिलं: मजुरी. त्या दिवसापासून मसाला साडेआठशेला गेला. तारकर्लीला पाण्याखाली जाऊन मासे बघायला हजारो रुपये मोजणारे पर्यटक दीडशे रुपयांसाठी परत फिरत नाहीत, हे आम्हाला साबणवाल्याने सांगावं लागलं. गावातल्यांना अर्थात जुनाच दर, वर चमचाभर जास्त. ते त्याला सांगितलेलं नाही.

त्याला वाटलं हे रवांडामुळे साधलं. माझ्या मते साबणामुळे. पण साबणाबद्दल त्याला लाज वाटे, आणि अभिमान वाटे तो सहा आठवड्यांचा.

बाकी जे खरं उपयोगी पडलं, त्यातलं काहीच त्याच्या चाळीस पानी अहवालात नाही. अन्नपदार्थ विकायला नोंदणी लागते. वर्षाला शंभर रुपये फी, चौदा अंकी नंबर. तो अर्ज मी तीनदा भरून तीनदा अडकलो होतो. आमच्या वाडीत रेंज फक्त सड्यावर येते. रवांडाभाव एका रात्री टोपीचा पडदा सोडून, बॅटरी लावून, सड्यावरच्या कातळावर दोन वाजेपर्यंत बसले आणि अर्ज भरून आले. पाय डासांनी फोडून काढले होते. गॅसचा सिलिंडर संपला की तो खांद्यावरून वर आणायचे. बासष्ट वर्षांच्या माणसाने असं करू नये म्हटलं, तर म्हणत, "रवांडात आम्ही..." तिथे बहुधा त्यांनी सिलिंडर उचलला नसावा. वेंगुर्ल्याला मात्र त्यांना नेलं ती चूक झाली. मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. वल्हवणारी बाई कांदळाच्या जाती आणि भरती-ओहोटी समजावत होती, आणि हे तिला ऑपॉर्च्युनिटी समजावत होते. परत काठाला लागेपर्यंत दोघांपैकी कोणीच थांबलं नाही.

एका संध्याकाळी लाइट गेली. मेच्या शेवटाला जातेच. लॅपटॉपची बॅटरी संपलेली, भिंतीवरचं चित्र गेलं, आणि चित्राशिवाय बोलणारे रवांडाभाव आम्ही प्रथमच पाहिले. अंधारात ते सांगत होते. १९९४ चे एप्रिल ते जुलै, शंभर दिवस. आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, पुष्कळशी शेजाऱ्यांच्याच हातून, कोयत्यांनी. मागे उरल्या त्यांत बायका जास्त. आणि कायदा असा, की बापाची जमीन मुलीला मिळत नाही. तो बदलायला १९९९ उजाडलं. मग त्या बायका टोपल्या विणायला बसल्या. आगासेके म्हणतात त्याला, उंच टोकदार झाकणाची टोपली, लग्नात देतात. एकीचा नवरा मारला गेलेला, शेजारी बसलेलीचा नवरा त्याच गुन्ह्यात तुरुंगात. पुढे त्या टोपल्या अमेरिकेत मेसीजच्या मोठ्या दुकानात विकायला गेल्या.

"पैशे कोणाक गावले?" धाकटीचा आवाज, खजिनदाराला पहिला प्रश्न हाच पडणार.

"विणणाऱ्यांना. सगळे नाही. पण नवऱ्याच्या हातात नाही, त्यांच्याच."

जरा वेळाने थोरलीने विचारलं, "त्ये दोघी एकमेकीशी बोलत होत्ये?"

"सुरुवातीला नाही," ते म्हणाले. "नुसत्या शेजारी बसायच्या."

लाइट आली. थोरली उठून घरी गेली. रवांडाभावांच्या हे काही लक्षात आलं नाही. ते प्लग शोधत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सलोख्याची कार्यशाळा घेतली. कोणीतरी त्यांना गडग्याची हकीकत सांगितली असावी. (मी नव्हे. हिने.) त्यांना हर्ष आवरेना, शेवटी एक कॉन्फ्लिक्ट सापडला होता. खेळ असा: सगळ्यांनी गोल बसायचं, लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकायचा, जिच्याकडे फेकला तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. शेवटी जाळं तयार होतं, नात्यांचं. मे महिन्यात मालवणात लोकर कुठली? थोरलीने घरून सुंभाचा नवा गुंडा आणून दिला.

गुंडा फिरत फिरत धाकटीकडे आला. उरली होती एकच. धाकटीने छपराकडे बघत तो फेकला आणि म्हणाली, "हिच्या हाताक सोलां बरी जमतत."

सतरा वर्षांत पहिलं थेट वाक्य. नऊ बायकांचे श्वास अडकले. रवांडाभावांनी डोळे मिटून घेतले.

"ता माका म्हायत आसा," थोरली म्हणाली.

आणि नेमक्या या क्षणी, जाळं ऐन रंगात असताना, भावांनी एका खिशातून कात्री काढली. या दोरीचा तुकडा प्रत्येकीने मनगटावर बांधायचा, आठवण म्हणून. रवांडात आम्ही असंच... कच, कच, कच.

"भाव! चांगलो सुंभ कापलास?"

दोघी जावा एकदम ओरडल्या. एका सुरात, एका श्वासात. मग जे सुरू झालं त्यात सुंभाचा दर, तो वळायला लागणारे दिवस, सोडणं कुजत घालायचं काम, आणि मजुरी (हो, मजुरीसुद्धा) सगळं निघालं. थोरलीने सुरुवात करावी आणि धाकटीने पुरं करावं, धाकटी दमली की थोरलीने उचलावं. भाव कात्री हातात घेऊन उभे होते. अहवालात या प्रसंगाला "ब्रेकथ्रू" म्हटलंय, आणि ते तसं चूक नाही.

जाण्याआधी त्यांनी शेवटचा एक घोळ घातला. २००८ पासून रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. ती तिथे पाळतात, म्हणून आमच्या आगळालाही प्लास्टिक नको, काच हवी. आमच्याकडे २०१८ साली आलेल्या बंदीबद्दल मी बोललो नाही, उगाच शोभा. दोनशे काचेच्या बाटल्यांची ऑर्डर देऊन, स्वतःचे पैसे भरून, सगळ्यांच्या पाया पडून (थोरली त्यांच्याहून पाचच वर्षांनी मोठी) ते तुतारी एक्स्प्रेसने गेले. आगळाचे बुधले थोरलीच्या माजघरात. बाटल्या आल्या मृगाच्या पहिल्या पावसात. थोरलीच्या बाजूच्या वाटेवर टेम्पोचं चाक बसेना. धाकटीच्या अंगणापर्यंत मात्र तो आला. टेम्पोवाल्याने खोकी उतरवली आणि तो गेला. वर पाऊस, खाली पुठ्ठ्याची खोकी, मधे गडगा.

धाकटी काही न बोलता गडग्याशी गेली आणि तिने वरचा एक चिरा उचलून खाली ठेवला. पलीकडून थोरलीने दुसरा उचलला. तिसरा जड होता, तो दोघींनी मिळून. त्या खिंडीतून दोनशे बाटल्या गेल्या. फुटल्या तीन, आणि त्या कोणाच्या हातून फुटल्या यावर अजून एकमत नाही.

चिरे परत चढवलेले नाहीत. पावसाळा संपल्यावर बघू, असं त्या वर्षी दोघी म्हणाल्या, आणि त्यानंतर दोन पावसाळे गेले. परात आता तिथूनच जाते-येते. दावा चालू आहे; मागे घ्यावा असं कोणाच्या मनातही आलेलं नाही, वकिलाचे एवढे पैसे भरलेत. रवांडाभाव सध्या दुसऱ्या कुठल्याशा देशात आहेत. मधूनच आवाजी निरोप येतो, मागे बायकांचा कालवा ऐकू येतो आणि भाव त्यांना इंग्रजीत सांगत असतात, की मालवणात आम्ही सुंभ कधी कापत नाही.

कोर्टाची तारीख असली की दोघी सकाळी एकाच रिक्षाने मालवणला जातात, भाडं निम्मं निम्मं. न्यायाधीशांपुढे एक या बाकावर, एक त्या बाकावर. पुढची तारीख घेऊन दुपारी परत येतात, आणि धाकटी वही उघडून मजुरीच्या रकान्यात दोघींच्या नावापुढे अर्ध्या दिवसाचा खाडा लावते.